नाव बुडत नाही, उलटते

लाकूड पाण्यावर तरंगते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मग लाकडाची नाव माणसांना घेऊन पाण्याखाली का जाते? वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर माहीत नसल्यामुळे आपल्या विदर्भात माणसे जीव गमावतात, म्हणून आजच्या सदरात हाच विषय घेतला आहे.

२३ जानेवारी २०२४. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर स्त्रिया मिरची तोडायला निघाल्या होत्या. वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली, पलीकडे चंद्रपूर जिल्हा. रोजी पलीकडे होती, म्हणून नावेत बसल्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरुड तालुक्यातल्या झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. त्याहीआधी, ९ जुलै २०१७ च्या रविवारी, नागपूरजवळच्या वेणा जलाशयात ११ जणांची नाव उलटली आणि आठ जण बुडाले.

अशी बातमी आली की वस्तीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "त्यांची वेळच भरली होती." दुसरे, "नदी दरवर्षी बळी घेते." बंधूंनो, नदीला बळी नको असतो आणि पाण्याला पंचांग वाचता येत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही. नाव उलटते त्यालाही कारण असते. ते मोजता येते, समजून घेता येते आणि बऱ्याच वेळा टाळताही येते.

हे कारण समजून घ्यायला नदीवर जायची गरज नाही. आपल्या लकडगंजातून सुरुवात करू. इथे नावातच लाकूड आहे. वखारी आणि आरामशिनी इथली ओळख. वखारीतला हमाल हातगाडी कशी भरतो ते कधी नीट पाहा. जड ओंडके आधी, अगदी खाली. फळ्या त्यावर. हलक्या पट्ट्या सर्वांत वर. कोणी नवशिक्या पोराने उलटे रचले तर मुकादम दोन शब्द ऐकवतो, कारण तशी गाडी पहिल्या वळणावरच आडवी होते. हमाल बांधवांनी हे कोणत्या पुस्तकात वाचलेले नसते, पण विज्ञानाचा तोच नियम ते रोज वापरतात.

प्रत्येक वस्तूचे सगळे वजन जणू एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते. त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. जड माल खाली ठेवला की गुरुत्वमध्य खाली राहतो आणि गाडी सहज उलटत नाही. जड माल वर गेला की तो बिंदू वर चढतो, आणि जरासा कल आला तरी चाकाच्या बाहेर झुकतो. चाकाच्या बाहेर गेला की गाडी गेलीच समजा.

आता गाडीकडून पाण्याकडे वळू. एक गोल ओंडका तळ्यात टाका. तो तरंगेल, पण त्यावर उभे राहायला गेलात तर गर्रकन फिरून तुम्हाला पाण्यात टाकेल. तसेच दोन ओंडके मध्ये हातभर अंतर ठेवून आडव्या दांड्यांनी पक्के बांधा. आता त्यावर बसता येते. लाकूड तेच आणि पाणीही तेच, मग बदलले काय? रुंदी बदलली. म्हणजे तरंगणे ही एक गोष्ट आणि तोल सांभाळणे ही दुसरी गोष्ट. नाव तरंगते आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे समजणे हीच मोठी गफलत आहे.

आधी तरंगण्याचा हिशेब करू. हा हिशेब रोजकीर्दीसारखा आहे. नाव आणि आतली माणसे यांचे वजन एका बाजूला लिहा. नावेने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन दुसऱ्या बाजूला लिहा. दोन्ही बाजू जुळल्या की नाव तिथेच थांबते, त्याखाली जात नाही. ग्रीक शास्त्रज्ञ आर्किमिडीजने हा नियम सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मांडला. पाणी वर ढकलते त्या जोराला शाळेच्या पुस्तकात प्लावक बल म्हणतात.

समजा, खोक्यासारखी सपाट तळाची एक नाव आहे. लांबी ४ मीटर, रुंदी १ मीटर, काठाची उंची ३० सेंटिमीटर, स्वतःचे वजन १२० किलो. ही नाव १ सेंटिमीटर खाली गेली की ४० लिटर पाणी बाजूला सारते. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो. आता तीत ५० किलोची आठ माणसे बसवा. एकूण वजन झाले ५२० किलो. ५२० ला ४० ने भागा. नाव १३ सेंटिमीटर पाण्यात जाईल आणि काठ पाण्याच्या वर १७ सेंटिमीटर राहील. म्हणजे वीतभरही नाही. एवढीच आपली शिल्लक. प्रत्येक जादा माणूस त्यातून सव्वा सेंटिमीटर खर्च करतो.

वजनाचा हिशेब बहुतेक लोक करतात. "अजून दोघे मावतील" हे वाक्य त्याच हिशेबातून येते. पण त्याच्या पुढची पायरी खरी महत्त्वाची आहे.

जमिनीवर गाडीची चाके जागची हलत नाहीत. पाण्यात तसे नसते. नाव उजवीकडे कलली की तिची उजवी बाजू पाण्यात जास्त बुडते. साहजिकच पाण्याचा वर ढकलणारा रेटाही उजवीकडे सरकतो. जणू गाडीचे चाकच पडत्या बाजूकडे धावत जाऊन तिला टेकू देते. म्हणून बरी बांधलेली नाव डुलते आणि पुन्हा सरळ होते. पण या टेकूला मर्यादा आहे. गुरुत्वमध्य फार वर असला तर नाव कलताच तोही बाजूला झुकतो आणि टेकूच्या पुढे निघून जातो. मग तोच पाण्याचा रेटा, जो आतापर्यंत सावरत होता, तो नावेला उलटवायला मदत करतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत होते. नावाड्याला ओरडायलाही वेळ मिळत नाही.

गुरुत्वमध्य किती उंचीपर्यंत चालेल? फ्रान्सचे शास्त्रज्ञ पिएर बूगेर यांनी १७४६ साली जहाजांवरच्या आपल्या ग्रंथात याचे गणित मांडले. त्याला आपण तोलाची मर्यादा म्हणू. आपल्या वरच्या नावेत ही मर्यादा तळापासून सुमारे ७० सेंटिमीटरवर येते. आता पाहा. आठही जण नावेच्या तळाशी मांडी घालून बसले, तर नाव आणि माणसे मिळून गुरुत्वमध्य येतो सुमारे २४ सेंटिमीटरवर. मर्यादेच्या बराच खाली, म्हणजे नाव भक्कम. तेच आठ जण पाव मीटर उंचीच्या फळ्यांवर बसले, तर तो चढतो ४१ सेंटिमीटरवर. आणि आठही जण उभे राहिले, तर तो जातो सुमारे ६८ सेंटिमीटरवर! मर्यादा ७०. उरले किती? दोन बोटेसुद्धा नाहीत. त्यात एखादीच्या डोक्यावर टोपले असेल, तर तीही शिल्लक संपली. नाव तीच, माणसे तीच, वजनही तेवढेच. एक किलोही वाढला नाही. फक्त माणसे उभी राहिली.

आता रुंदीचे पाहू. ही नाव एक मीटरऐवजी ८० सेंटिमीटर रुंद असती, तर मर्यादा ७० वरून एकदम ४१ सेंटिमीटरवर उतरली असती. हातभर नव्हे, फक्त वीतभर रुंदी गेली आणि तोल जवळजवळ अर्ध्यावर आला. अशा अरुंद नावेत उभे राहणे सोडाच, आठ जण उंच फळ्यांवर बसले तरी मर्यादा गाठली जाते. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांवर ढिवर बांधव ओंडका कोरून केलेला डोंगा वापरत आले आहेत. तो अरुंद असतो. त्यात एक-दोघांनी मासेमारी करणे हे अंगवळणी पडलेल्या माणसाचे काम. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर राहिलेला ढिवर "खाली बसा, हलू नका" असे खेकसतो, तेव्हा तो उर्मटपणा नसतो. बूगेर साहेबांचे गणितच तो आपल्या भाषेत सांगत असतो.

गुरुत्वमध्य जसा वर चढतो तसा बाजूलाही सरकतो. आपल्या त्याच एक मीटर रुंद नावेत आठ जण तळाशी शांत बसले आहेत. त्यातले दोघे डाव्या काठाकडून उठून ६० सेंटिमीटर उजवीकडे सरकले. कशाला? काहीही असेल. कुणाला मासा दिसला, कुणाला फोटो काढायचा होता. तेवढ्याने उजवा काठ साडेबारा सेंटिमीटर खाली जातो. १७ पैकी उरले साडेचार. तिसरा माणूसही सरकला की काठ पाण्याखाली गेलाच. वेणा जलाशयातल्या त्या नावेतून मोबाईलवर चित्रण चालू होते, हे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. गेलेल्या पोरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ती तरणीताठी पोरे होती, आपल्याच घरांसारख्या घरांतली. नावेत एका बाजूला जमायचे नसते, एवढी गोष्ट त्यांना ना शाळेने सांगितली, ना काठावरच्या एखाद्या फलकाने. दोष कुठे आहे ते आपण ओळखले पाहिजे.

लहान नावेचा हा नियम मोठ्या जहाजालाही सुटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात समुद्रात उलटली. लाटांच्या माऱ्यात ती कलली, घाबरलेल्या उतारूंची पळापळ झाली आणि काही मिनिटांत सगळे संपले. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घरांत तिची आठवण आजही निघते. भीतीने पळणारा माणूस आपला जीव वाचवायला पळतो, पण शेकडो माणसे एकदम हलली की वजनच हलते.

आणखी एक शत्रू नावेच्या आतच असतो. तो म्हणजे तळाशी साचलेले पाणी. फटीतून झिरपलेले किंवा लाटेबरोबर आत आलेले. "पायच तर भिजतात" म्हणून आपण दुर्लक्ष करतो. आपल्या नावेत तळाशी ५ सेंटिमीटर पाणी साचले, तर ते भरते २०० लिटर, म्हणजे २०० किलो. चार माणसे फुकटात येऊन बसली! आणि हे उतारू ऐकणारेही नाहीत. माणसाला "हलू नको" म्हणता येते, पाण्याला म्हणता येत नाही. नाव जराशी कलली की ते सगळे खालच्या बाजूला धावते आणि कल वाढवते. कल वाढला की आणखी धावते. म्हणून नावेत पाणी उपसायला एक डबा किंवा गंज असलाच पाहिजे. साधा डबा, पण तो वल्ह्याइतकाच मोलाचा आहे.

चालत्या नावेचे आणखी दोन नियम आहेत. बस वळताना आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो. इंजिनाची नाव वेगात वळवली की तीही तशीच बाहेरच्या बाजूला कलते. म्हणून भरलेली नाव सावकाश वळवायची. दुसरे असे की, नाव लांबीला मोठी आणि रुंदीला लहान असते. म्हणून समोरून आलेली लाट ती सोसते, पण तीच लाट कुशीत बसली तर गडबडते. वारा सुटला की जाणता नावाडी नावेचे तोंड लाटेकडे करतो. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात, इंदापूर तालुक्यातले कळाशी आणि करमाळा तालुक्यातले कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जण बुडाले. वारा कळवून येत नाही हे खरे, पण आभाळ भरून आले असताना काठावर तासभर थांबणे आपल्या हातात असते. अर्थात, उशीर झाला म्हणून रोजी कापली जाणार नसेल तर! हा "तर" फार मोठा आहे आणि आता त्याकडेच वळायचे आहे.

२४ जुलै १९१५. अमेरिकेतल्या शिकागो शहरात वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीच्या कामगारांची वार्षिक सहल होती. कामगार, त्यांच्या बायका, नटूनथटून आलेली लेकरे असे अडीच हजारांहून अधिक लोक 'ईस्टलँड' नावाच्या जहाजावर चढले. जहाज अजून धक्क्याला दोरखंडाने बांधलेले होते. ना वादळ, ना खडक. ते नदीतच, काठाच्या जवळ, आडवे झाले. पाणी जेमतेम वीस फूट खोल. तरी ८४४ माणसे मेली. कारण काय? तीन वर्षांपूर्वी 'टायटॅनिक' बुडाले होते. त्यावरून जहाजांवर जीवरक्षक होड्या वाढवण्याचा कायदा झाला. 'ईस्टलँड'चा तोल आधीच नाजूक होता. त्यावर नव्या होड्या आणि तराफे चढवले गेले, तेही वरच्या मजल्यांवर. म्हणजे वजन वर गेले. माणसे वाचवण्यासाठी आणलेले सामान, तोलाचा विचार न करता ठेवल्यामुळे, माणसांच्याच जिवावर उठले.

या दुर्घटनेत मेले कोण? कामगारच. पाण्यावरच्या सुरक्षेचा प्रश्न हा नेहमी कष्टकऱ्यांचा प्रश्न राहिला आहे, हे त्याआधी एका माणसाने ओळखले होते. त्याचे नाव सॅम्युअल प्लिमसॉल. इंग्लंडचा माणूस. पोटापाण्याची सुरुवात एका कारखान्यात कारकुनी करून केली आणि पुढे पार्लमेंटचा सभासद झाला. त्या काळी जहाजमालक मोडकळीला आलेली जहाजे क्षमतेबाहेर भरून समुद्रात पाठवीत. जहाज बुडाले तर मालकाला विम्याची रक्कम मिळे. खलाशाच्या विधवेला काय मिळत असेल ते सांगायला नको. लोक अशा जहाजांना शवपेट्याच म्हणत. प्लिमसॉलने १८७३ साली पुस्तक लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला. पार्लमेंटमध्ये मालकांचे हितसंबंधी बसलेले होते, त्यांच्याशी तो भांडला. १८७६ साली कायदा झाला. प्रत्येक जहाजाच्या बाहेरच्या अंगावर एक खूण रंगवायची, पाणी तिच्यापर्यंत आले की भरणे बंद. पण मालक हुशार! खूण कुठे रंगवायची हे त्यांच्याच हाती राहिले होते. ती जागा कायद्याने ठरायला १८९० साल उजाडावे लागले. आज जगातल्या मालवाहू जहाजांवर जी भाररेषा दिसते, ती त्या लढ्याची कमाई आहे.

बंधू-भगिनींनो, एका रंगवलेल्या रेघेने समुद्रावरच्या मजुराला संरक्षण दिले. मग आपल्या वैनगंगेवरच्या, वर्धा नदीवरच्या नावेवर ती रेघ का नसावी? तिला लाखो रुपये लागत नाहीत. पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि ब्रश पुरे. रेघ कुठे यावी आणि किती माणसे बसावीत हे जाणत्या नावाड्याला विचारून, अधिकाऱ्यांसमोर शांत पाण्यात तपासून ठरवावे. मग नावेवर मोठ्या अक्षरांत तो आकडा लिहावा. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्गत जलमार्गावरच्या नौकांसाठी २०२१ साली नवा कायदा झाला आहे. बिनइंजिनाच्या नावांची स्थानिक पातळीवर नोंद करण्याची सोयही त्यात आहे. कायदा कागदावर आहे. तो काठावर आणायचे काम लोकांनाच करावे लागते.

आपल्यापैकी अनेकांची गावे पवनी, भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोली या बाजूला आहेत. कुणाची बहीण तिकडे दिली आहे, कुणाची आई अजून रोवणीला जाते. गावी जाल तेव्हा ग्रामसभेत चार मागण्या लेखी द्या. नावेवर भाररेषा आणि माणसांचा आकडा. प्रत्येक उतारूला जीवरक्षक जॅकेट. नावेत पाणी उपसायचा डबा आणि एक लांब दोर. आणि मजूर नेणाऱ्या मालकाने नावेच्या फेऱ्या वाढवाव्यात, एकाच फेरीत सगळ्यांना कोंबू नये. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे पाण्यावर ओढलेली रेघ.

जॅकेटविषयी थोडे. त्यातही गुरुत्वमध्यच आहे. माणसाच्या छातीत फुप्फुसांची हवा असते, म्हणून पाणी छातीला वर ढकलते. शरीराचा गुरुत्वमध्य मात्र कमरेजवळ असतो. म्हणून पाण्यात पाय खाली ओढले जातात. जॅकेटमधले तरंगते सामान मुख्यतः छातीवर असते. त्यामुळे जड भाग खाली लोंबतो आणि तोंड आकाशाकडे राहते. पण पट्टे बांधले तरच! खांद्यावर नुसते अडकवलेले जॅकेट वर निघून जाते. आणि कित्येक जण त्याची बसायला उशी करतात, ते तर करूच नका. जॅकेट नसेल तर घट्ट झाकणाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन जवळ बांधा. तो सुमारे पाच किलो भार पेलतो. पाण्यात नाक-तोंड वर ठेवायला तेवढाही आधार फार असतो. जॅकेटची बरोबरी त्याला येणार नाही, पण रिकाम्या हातांपेक्षा तो बरा.

एवढे करूनही नाव उलटलीच, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाकडाची नाव उलटली तरी सहसा तळाला जात नाही, पालथी तरंगते. तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका, काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. हात वर करून ओरडू नका, कारण हात पाण्याबाहेर काढला की त्याचे वजन तुम्हालाच खाली दाबते. धरायला काहीच नसेल तर पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, हात पाण्यातच डोक्यामागे लांब पसरा. हात मागे गेले की गुरुत्वमध्य छातीकडे सरकतो आणि पाय हलके होतात.

आता मुलांनो, तुमच्यासाठी. रविवारी आई-बाबांना जवळ बसवून हे करून पाहा. एका मोठ्या गंजात किंवा टबात पाणी घ्या. त्यात स्टीलचा रिकामा पेला उभा सोडा. तो लगेच आडवा होऊन पाणी पिईल. आता त्याच्या तळाशी मूठभर गिट्टी घाला आणि पुन्हा सोडा. वजन वाढले, तरी पेला उभा राहील! का, ते बाबांना विचारू नका, तुम्हीच त्यांना सांगा. मग प्लास्टिकचा एक पसरट, उथळ डबा पाण्यावर ठेवा. औषधाची एक छोटी बाटली पाण्याने भरून डब्यात आडवी ठेवा आणि डबा हलवून पाहा. नंतर तीच बाटली उभी ठेवून हलवा. शेवटी बाटली काढून डब्यात थोडे पाणी ओता, काठाला हलकेच बोट लावा, आणि ते पाणी कोणत्या बाजूला धावते ते बघा. विहारातल्या अभ्यासवर्गात हा प्रयोग चार पोरांसमोर करून दाखवलात, तर फारच छान.

मिरचीचा हंगाम आला की नदीकाठची गावे पुन्हा पहाटे उठतील. डबा बांधून, पदर खोचून आयाबहिणी नावेकडे निघतील. पोटासाठी नदी ओलांडावी लागते, ती कुणाच्या हौसेची गोष्ट नाही. तुमच्या नात्यातले कोणी त्या वाटेने जात असेल, तर फोन करून एवढे तरी जरूर सांगा : मोजून बसा, तळाशी बसा, नाव काठाला लागेपर्यंत उठू नका, आणि नाव भरली असेल तर दुसऱ्या फेरीची वाट पाहा. एक दिवसाची रोजी बुडाली तर ती पुढच्या दिवशी भरून काढता येते.